न्यूट्रिनो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कोंडा, दाणा आणि सोन्याच्या खाणी)

विज्ञानावर बोलायला गावोगावच्या व्याख्यानमालांना जातो. भाषण बरं होवो वा वाईट, खरी मजा नंतर येणाऱ्या चिठ्ठ्यांत असते. न्यूट्रिनो हा विषय असला की चिठ्ठ्या जवळजवळ ठरलेल्या असतात. म्हणून त्या इथे एकत्र करून ठेवतो. काही उत्तरं एका ओळीत संपली आहेत, काही वाजवीपेक्षा लांबली आहेत. ज्यांच्यात गोष्ट दडली आहे ती लांबली, एवढंच.

न्यूट्रिनो म्हणजे नेमकं काय?

एक मूलकण. इलेक्ट्रॉनसारखाच, म्हणजे त्याचे आणखी तुकडे पडत नाहीत. पण त्याला विद्युतभार नाही आणि वस्तुमान असून नसल्यासारखं. अणुकेंद्रकाला एकत्र बांधणारं बल त्याला लागू होत नाही, आणि विद्युतभारच नसल्यामुळे विजेचं-चुंबकाचं बलही त्याला अडवत नाही. गुरुत्व सोडलं तर उरतं फक्त 'दुर्बल' म्हणून ओळखलं जाणारं बल, आणि ते नावाप्रमाणेच आहे. त्यामुळे हा कण बहुतेक वेळा कशालाही न शिवता आरपार निघून जातो. त्याचे तीन प्रकार आहेत : इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो, म्यूऑन न्यूट्रिनो आणि टाऊ न्यूट्रिनो. तिसऱ्याचा प्रत्यक्ष पुरावा अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये २००० साली मिळाला.

म्हणजे न्यूट्रॉनच ना?

नाही. न्यूट्रॉन अणुकेंद्रकात असतो आणि प्रोटॉनएवढा जड असतो. नावातला गोंधळ मात्र खरा आहे. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये आपल्या काल्पनिक कणाला 'न्यूट्रॉन' म्हटलं होतं. १९३२ मध्ये चॅडविकना खरा, जड न्यूट्रॉन सापडला आणि नाव तिकडे गेलं. मग इटालियन भाषेतला 'छोटा' दाखवणारा प्रत्यय लावून या बारक्याचं बारसं पुन्हा झालं.

आणि देवकण?

तो हिग्ज बोसॉन. त्याचा शोध ४ जुलै २०१२ रोजी सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय प्रयोगशाळेत जाहीर झाला. त्याचा इथे संबंध नाही, आणि 'देवकण' हे नाव भौतिकीतल्या फारशा कुणाला आवडतही नाही.

अंगातून एवढे न्यूट्रिनो जातात म्हणे. काही अपाय होत नाही का?

सूर्याकडून येणारेच घ्या. पृथ्वीवर दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो जातात. नखाएवढ्या जागेतून, दिवसा डोक्याकडून आणि रात्री तळपायाकडून, कारण पृथ्वी त्यांना आड येतच नाही. यांपैकी एखादा तुमच्या शरीरातल्या अणूला धडकण्याचा प्रसंग उभ्या आयुष्यात जेमतेम एकदा यायचा. जो कण शिवतच नाही तो इजा काय करणार?

उलट तुम्ही स्वतःही न्यूट्रिनो सोडत असता. आपल्या शरीरातल्या पोटॅशियमचा अगदी लहान भाग किरणोत्सारी असतो. त्याच्या ऱ्हासातून प्रौढ माणसाच्या अंगातून सेकंदाला चारेक हजार न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचे प्रतिकण) बाहेर पडतात. हे सांगितलं की सभागृहात लोक शेजाऱ्याकडे पाहतात.

न दिसणारा कण आहे, हे सुचलं तरी कुणाला?

हिशेबात घट आली तेव्हा सुचलं. काही अणुकेंद्रकं इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात, याला बीटा ऱ्हास म्हणतात. आधीची ऊर्जा आणि नंतरची ऊर्जा यांचा जमाखर्च जुळायला हवा, पण तो जुळत नव्हता. इलेक्ट्रॉन कधी जास्त ऊर्जा घेऊन निघे, कधी कमी, आणि उरलेली कुठे गेली ते कळत नसे. नील्स बोरसारखा माणूसही ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथे मोडत असेल का, असा विचार करू लागला होता.

पाउलींनी दुसरा तर्क केला : वहीत नाव नसलेला एक भागीदार आहे, आणि उरलेली रक्कम तो घेऊन जातो. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी ट्यूबिंगनला जमलेल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं, 'प्रिय किरणोत्सारी सभ्य स्त्री-पुरुषहो' अशा मायन्याचं. स्वतः गेले नाहीत, कारण झुरिकमध्ये नृत्याचा कार्यक्रम होता. विसाव्या शतकातली एक मोठी कल्पना अशी गैरहजेरीच्या चिठ्ठीतून आली.

मग तो पकडला कसा?

फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांचा पहिला बेत ऐकून आज अंगावर काटा येतो : अणुबाँबचा स्फोट करायचा आणि शेजारच्या विहिरीत शोधयंत्र सोडायचं. सुदैवाने अणुभट्टी पुरेशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सावाना रिव्हरच्या अणुभट्टीजवळ, जमिनीखाली, त्यांना खुणेच्या दोन चमका मिळाल्या. प्रतिन्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला की एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि एक न्यूट्रॉन निघतो. पॉझिट्रॉनची चमक लगेच दिसते. न्यूट्रॉन थोडा भटकतो, कॅडमियमच्या अणूत अडकतो आणि काही मायक्रोसेकंदांनी दुसरी चमक देतो. एकट्या चमकेवर कुणी विश्वास ठेवला नसता. ठरावीक अंतराने आलेली जोडी ही सही होती.

पाउलींना तार गेली. नोबेल मात्र १९९५ मध्ये मिळालं, तेही फक्त राइन्स यांना. कोवन १९७४ मध्येच वारले होते.

हे लोक सारखे खाणीत का जातात?

पाखडायला. घरी आजी सुपात धान्य घेऊन बसायची. झटका दिला की कोंडा उडायचा आणि दाणा मागे राहायचा. न्यूट्रिनोच्या प्रयोगात दाणा अगदी विरळ आणि कोंडा डोंगराएवढा असतो. वरून विश्वकिरण वातावरणावर आदळत असतात आणि त्यांतून तयार झालेले म्यूऑन नावाचे कण जमिनीवर बरसतात, तळहातावर सेकंदाला साधारण एक-दोन. शोधयंत्र उघड्यावर ठेवलं तर ते याच गलक्यात बहिरं होईल. किलोमीटर-दोन किलोमीटर खडक हे सूप. म्यूऑन त्यात अडतात, न्यूट्रिनो निघून येतात.

एवढे खोल खड्डे कुठलंही विद्यापीठ खणू शकत नाही, म्हणून तयार खाणी शोधायच्या. कोलार सोन्याची खाण, दक्षिण आफ्रिकेतली ईस्ट रँड सोन्याची, अमेरिकेतली होमस्टेक सोन्याची, कॅनडातलं सडबरी निकेलचं, जपानमधलं कामिओका जस्ताचं.

न्यूट्रिनोच्या इतिहासात मला जे वारंवार दिसतं ते इथेच सांगून टाकतो : ज्याला कोंडा म्हणून उडवायला बसले, तोच पुढे दाणा निघाला. पुढच्या चार-पाच उत्तरांत हे येतच राहील.

कोलारमध्ये नक्की काय झालं होतं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून मीच चिठ्ठी लिहून पुढे सरकवतो.

होमी भाभांनी मुंबईत टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, सुरू केलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले तरुण संशोधक बी. व्ही. श्रीकंटन म्यूऑन मोजायला कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत उतरले. कुतूहल साधं होतं : किती खोल गेल्यावर म्यूऑन किती कमी होतात? दहा वर्षांत मोजणी खाणीच्या तळापर्यंत पोचली. सर्वांत खोल जागी यंत्रं दोन महिने चालली आणि एकही म्यूऑन आला नाही.

दोन महिने शून्य. दुसऱ्या कुणी यंत्र बिघडलं म्हणून गाशा गुंडाळला असता. या लोकांनी ओळखलं की जगातली बहुधा सर्वांत शांत खोली आपल्या हाती लागली आहे. इतक्या शांततेत जर एखादा म्यूऑन आलाच, तर तो वरून आलेला असू शकत नाही, न्यूट्रिनोने शेजारच्या खडकातच तो तयार केलेला असणार. मग २.३ किलोमीटर खोलीवर शोधयंत्रं भिंतींसारखी उभी केली, म्हणजे आडवे येणारे म्यूऑन टिपता येतील. आडव्या दिशेने एवढा खडक ओलांडणं म्यूऑनला शक्यच नसतं.

टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांच्या गटाने ऑगस्ट १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोचा निष्कर्ष छापला. भारतीय बाजूला एम. जी. के. मेनन, श्रीकंटन, व्ही. एस. नरसिंहम ही मंडळी होती. त्याच महिन्यात, काही दिवसांच्या अंतराने, दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतून राइन्स यांच्या गटानेही तेच छापलं. हो, तेच राइन्स. निसर्गात तयार झालेला न्यूट्रिनो माणसाला पहिल्यांदा दिसला तो असा, दोन सोन्याच्या खाणींत. कोलारमधले प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले, आणि २००१ मध्ये खाणही बंद झाली.

सूर्याचे न्यूट्रिनो हरवले होते, ही काय भानगड?

रेमंड डेव्हिस यांनी होमस्टेकच्या खाणीत, जवळजवळ दीड किलोमीटर खाली, कोरड्या धुलाईसाठी वापरतात त्या क्लोरीनयुक्त द्रवाची सुमारे ३.८ लाख लिटरची टाकी भरली. सूर्याचा न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूला धडकला की त्या अणूचा आर्गॉन होतो. अख्ख्या टाकीतून हे मोजके अणू वेचून मोजायचे. जॉन बाकॉल यांच्या गणिताने आठवड्याला दहाएक अणू तयार व्हायला हवे होते. मिळत होते तीनेक.

तीस वर्षं हा वाद चालला. डेव्हिस यांची मोजणी चुकली, असं काही म्हणत. बाकॉल यांचं सूर्याचं गणित चुकलं, असं इतर म्हणत. शेवटी दोघेही बरोबर निघाले. चूक होती ती न्यूट्रिनोबद्दलच्या समजुतीत. सूर्यातून निघाले ते इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो, आणि पोचेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच जणांनी रूप बदललं होतं. डेव्हिस यांची टाकी एकच रूप ओळखत होती.

सडबरीच्या प्रयोगाने याचा निकाल लावला. तिथे १,००० टन जड पाणी (ज्यात हायड्रोजनचा जड प्रकार असतो) होतं, कॅनडाच्या अणुऊर्जा कंपनीकडून उसनं आणलेलं. जड पाण्यात एक अभिक्रिया फक्त इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोला ओळखते आणि दुसरी तिन्ही प्रकारांना सारखीच. २००१-०२ मध्ये दोन्ही मोजण्या शेजारी ठेवल्या. पहिलीत तुटवडा, दुसरीत पुरेपूर बेरीज. सूर्याच्या गणिताला काहीच झालं नव्हतं.

'न्यूट्रिनो आंदोलन' म्हणजे काय? कुणाचा मोर्चा?

मराठीत हा शब्द उच्चारला की हा विनोद होतोच, आणि थेनीच्या संदर्भात तो विनोदही राहत नाही. त्याबद्दल खाली. भौतिकीत आंदोलन म्हणजे झोके घेणं. न्यूट्रिनो प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात, असे झोके घेतो. गावात येणारा बहुरूपी आठवा. वेशीवर पोलीस, बाजारात वाणी, देवळापाशी साधू. तुम्ही देवळापाशीच उभे राहून पोलीस मोजत बसलात तर संख्या कमीच भरणार.

याचा पहिला पक्का पुरावा सूर्याकडून नाही, वातावरणातून आला. जपानच्या सुपर-कामिओकांडेमध्ये डोंगराखाली एक किलोमीटरवर ५०,००० टन अतिशुद्ध पाणी आहे आणि भोवती अकरा हजारांहून अधिक प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या काचनळ्या आहेत. वरून येणारे म्यूऑन न्यूट्रिनो पंधरा-वीस किलोमीटर प्रवास करून येतात, खालून येणारे अख्खी पृथ्वी ओलांडून, म्हणजे जवळपास १३,००० किलोमीटर. पृथ्वी त्यांना अडवत नाही, तेव्हा दोन्हीकडून सारखेच यायला हवेत. खालून निम्मेच आले. १९९८ मध्ये ताकायामाच्या परिषदेत ताकाआकी काजिता यांनी हे मांडलं. २०१५ चं नोबेल काजिता आणि सडबरीचे आर्थर मॅकडॉनल्ड यांना मिळालं.

झोका घ्यायचा तर वस्तुमान लागतंच, निदान काही प्रकारांना. कणभौतिकीच्या प्रमाणित सिद्धांतात न्यूट्रिनो वस्तुमानहीन होता. त्या देखण्या इमारतीला प्रयोगशाळेत सापडलेली पहिली पक्की भेग ही.

किती वस्तुमान आहे मग?

वरची मर्यादा माहीत आहे. जर्मनीत कार्ल्सरूहेला कॅट्रिन नावाचा प्रयोग ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) ऱ्हासातला इलेक्ट्रॉन अतिबारकाईने मोजतो. पाउलींचाच जमाखर्च, फक्त पैशापैशाचा. २०२५ मध्ये त्यांनी मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली (कणांचं वस्तुमान याच ऊर्जेच्या एककात सांगतात). इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या १० लाखाव्या भागाहूनही कमी.

या प्रयोगाचं २०० टनी मुख्य भांडं तयार झालं ते कार्ल्सरूहेपासून चारेकशे किलोमीटरवरच्या डेगेनडॉर्फला. पण ते रस्त्यावर मावेना. मग २००६ मध्ये डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्रात, भूमध्य समुद्रातून अटलांटिकमध्ये आणि ऱ्हाईनमधून वर, असा सुमारे ८,६०० किलोमीटरचा वळसा घेऊन ते पोचलं. शेवटच्या गावातल्या गल्लीतून जाताना घरांच्या भिंतींना ते जेमतेम घासत नव्हतं. त्याचे फोटो जरूर पाहा.

१९८७ च्या ताऱ्याचा न्यूट्रिनोशी काय संबंध?

१९७० च्या दशकात सिद्धांतवाद्यांना वाटू लागलं की प्रोटॉनही कधीतरी मोडतो. ते पाहायला जगभर पाण्याच्या आणि लोखंडाच्या मोठ्या टाक्या खाणींत बसल्या. कोलारमध्येही असा प्रयोग झाला. 'कामिओकांडे' या नावातली शेवटची अक्षरं मुळात प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या ऱ्हासाच्या प्रयोगाचीच. प्रोटॉन काही मोडला नाही, आजतागायत नाही. त्या प्रयोगात वातावरणातले न्यूट्रिनो म्हणजे नुसता कोंडा होता, चुकीच्या नोंदी करणारा उपद्रव. वर सांगितलेला १९९८ चा शोध या कोंड्याच्या हिशेबातूनच निघाला.

आणि २३ फेब्रुवारी १९८७ ला याच टाक्यांना दुसरं घबाड मिळालं. आपल्या शेजारच्या मोठा मॅजेलनी मेघ या लहान दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा कोसळला. कामिओकांडेत डझनभर, अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीतल्या आयएमबी प्रयोगात आठ, कॉकेशसमधल्या बाक्सानला पाच. पाव शंभर नोंदी, काही सेकंदांत. तेवढ्यावरून कळलं की तारा कोसळतो तेव्हा त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात आणि डोळ्यांना दिसणारा झगमगाट ही किरकोळ रक्कम असते. कामिओकांडेचे मासातोशी कोशिबा त्यानंतर महिनाभरातच निवृत्त होणार होते. २००२ चं नोबेल त्यांना आणि डेव्हिस यांना मिळालं.

ते न्यूट्रिनो प्रकाशाच्या आधी पोचले होते. म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान?

नाही, आधी निघाले. न्यूट्रिनो ताऱ्याच्या गाभ्यातून थेट सुटतात. प्रकाशाला मात्र स्फोटाची लाट पृष्ठभागापर्यंत येईस्तोवर काही तास ताटकळावं लागतं.

वेगाची खरी अफवा सप्टेंबर २०११ मधली. सर्नपासून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतच्या ७३० किलोमीटरमध्ये न्यूट्रिनो प्रकाशाहून ६० नॅनोसेकंद लवकर येतात, असं ऑपेरा गटाच्या मोजणीत दिसलं. कारण निघालं नीट न बसलेली प्रकाशतंतूची एक केबल. लोक हसले. मला मात्र त्या गटाबद्दल आदरच वाटतो. सगळं तपासूनही आकडा जाईना, तेव्हा त्यांनी तो जगापुढे ठेवला आणि चूक शोधायला बोलावलं.

दक्षिण ध्रुवावर बर्फातली दुर्बीण कशाला?

टाकी जितकी मोठी तितकी विरळ गोष्ट सापडण्याची आशा जास्त, आणि एक घन किलोमीटरची टाकी कुणी बांधू शकत नाही. अंटार्क्टिकाच्या खोल बर्फात ती तयारच आहे, काचेसारखी स्वच्छ. गरम पाण्याने ८६ भोकं पाडून १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर ५,१६० प्रकाशसंवेदक सोडले. डिसेंबर २०१० मध्ये आइसक्यूब पूर्ण झाली. न्यूट्रिनोच्या धडकेतून निघालेला भारित कण बर्फातल्या प्रकाशाहून वेगाने धावला की निळसर उजेडाचा शंकू मागे सोडतो. तो टिपून दिशा काढायची.

कोंडा इथेही आहेच. सेकंदाला तीनेक हजार म्यूऑन, दिवसाला दोन-तीनशे वातावरणातले न्यूट्रिनो. कोलारमध्ये ज्याच्यासाठी माणसं खाणीत उतरली तो दाणा इथे पुन्हा कोंडा झाला. दूरच्या विश्वातले न्यूट्रिनो त्यातून निवडायचे. २०१३ मध्ये ते आहेत हे पहिल्यांदा सिद्ध झालं.

पण ते येतात कुठून?

२२ सप्टेंबर २०१७ ला सुमारे २९० लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो आला आणि मिनिटभरात जगातल्या दुर्बिणींना निरोप गेला. मृग नक्षत्राच्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ ही दीर्घिका नेमकी तेव्हाच गॅमा किरणांत भडकलेली होती. तिच्या मध्याशी प्रचंड कृष्णविवर आहे, आणि त्यातून सुटणारा झोत आपल्याकडे रोखलेला आहे. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४०० कोटी वर्षं लागतात. २०२२ मध्ये एनजीसी १०६८ या जवळच्या दीर्घिकेच्या दिशेने ७९ न्यूट्रिनोंचा जास्तीचा गठ्ठा दिसला. २०२३ मध्ये आपल्या आकाशगंगेचा पट्टाही न्यूट्रिनोंत उमटला.

इथे थोडी सावधगिरी बाळगा. बातम्यांत 'उगम सापडला' असं येतं. पण पहिली जुळणी योगायोग असण्याची शक्यता साधारण हजारात एक होती, आणि शोध म्हणायला कणभौतिकीत त्याहून बरीच कडक अट असते. एनजीसी १०६८ चा पुरावा अधिक बळकट आहे, पण तोही त्या अटीच्या अलीकडे थांबतो.

समुद्रात २०२३ मध्ये सापडलेला कण काय आहे?

सिसिलीजवळ भूमध्य समुद्रात, साधारण साडेतीन किलोमीटर खोल, केएमथ्रीनेट ही दुर्बीण अजून बांधली जात आहे. १३ फेब्रुवारी २०२३ ला तिच्या फक्त २१ तारा लागलेल्या असताना जवळजवळ आडवा एक म्यूऑन गेला. तो ज्या न्यूट्रिनोतून आला त्याची ऊर्जा २२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (एक पेटा म्हणजे हजार लाख कोटी) आसपास धरली जाते, म्हणजे सर्नच्या महायंत्रातल्या एका प्रोटॉनच्या सुमारे ३० हजार पट. टेबलटेनिसचा चेंडू मीटर-सव्वामीटरवरून पडला तर साधारण एवढी ऊर्जा होते. फरक इतकाच की इथे ती एका मूलकणात कोंबलेली आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हे जाहीर झालं आणि डोकेदुखीही सोबत आली. कितीतरी मोठी आइसक्यूब इतकी वर्षं पाहते आहे, तिला असा एकही का नाही? नशीब म्हणा, वा काही नवं म्हणा. एका नोंदीवर मी पैज लावणार नाही.

विश्वकिरण आणि न्यूट्रिनो यांचं नातं काय?

विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन आणि जड अणुकेंद्रकं. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून पाच हजार मीटरवर जाऊन ते वरून येतात हे दाखवलं. १५ ऑक्टोबर १९९१ ला अमेरिकेतल्या युटामध्ये ५१ ज्यूल ऊर्जेचा एक कण नोंदला गेला. हिशेब करून पाहा : ताशी नव्वद किलोमीटरने आलेला फिरकी गोलंदाजाचा चेंडू, आणि तो सगळा एका अणुकेंद्रकात.

इतका वेग त्याला कोण देतं हे शोधणं अवघड, कारण भारित कण अवकाशातल्या चुंबकी क्षेत्रांत वळत वळत येतो. आला त्या दिशेला त्याचं घर असेलच असं नाही. पण जिथे असे कण तयार होतात तिथे न्यूट्रिनोही होतात, आणि ते सरळ येतात. न्यूट्रिनो दुर्बिणींवर एवढा खर्च होतो त्याचं हे कारण.

भारतात सध्या काय चालू आहे?

उटीला २,२०० मीटर उंचीवर टीआयएफआरचा ग्रेप्स-३ प्रयोग जपानी सहकाऱ्यांसोबत चालतो. तिथे विश्वकिरणांचा वर्षाव झेलायला सुमारे ४०० शोधयंत्रं आणि म्यूऑनची मोठी दुर्बीण आहे. कोंड्याची आणखी एक गोष्ट इथली. वादळ आलं की म्यूऑनची संख्या बदलायची. त्रास म्हणून बाजूला न सारता त्यांनी ते उलटं वाचलं आणि १ डिसेंबर २०१४ च्या एका गडगडाटी ढगातला विद्युतदाब काढला : सुमारे १३० कोटी व्होल्ट. ढगात एवढा दाब तोवर कुणीच मोजला नव्हता.

थेनीच्या प्रकल्पाचं काय झालं?

तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगरात बोगदा खणून ५०,००० टन चुंबकित लोखंडाचं शोधयंत्र बसवायचं होतं. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटींची मंजुरी दिली. मग स्थानिक विरोध, न्यायालयं, राज्य सरकारचा नकार. प्रकल्प अडकला. मदुराईला त्याची ८५ टनी लहान प्रतिकृती उभी राहिली.

किरणोत्सर्ग होईल, ही भीती निराधार होती. डोंगरात येणारे न्यूट्रिनो तुमच्या स्वयंपाकघरातही येतातच. पण पश्चिम घाट, वाघांचे मार्ग आणि पाणी यांबद्दलचे प्रश्न निराधार नव्हते, आणि दोन्ही प्रश्नांना एकाच 'अज्ञाना'च्या पोत्यात भरणं मला पटत नाही. नुकसान मात्र खरं आहे. दरम्यान चीनने जुनो हा २०,००० टन द्रवाचा प्रयोग बांधला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची मोजणी सुरूही झाली. तीन न्यूट्रिनोंत कोणता जड, कोणता हलका, या क्रमाचा प्रश्न थेनीतही सोडवायचा होता.

हिंगोलीला होणाऱ्या वेधशाळेत न्यूट्रिनो दिसणार का?

नाही. औंढ्याजवळची लायगो-इंडिया गुरुत्वीय लहरींसाठी आहे. पण आपल्या आकाशगंगेत तारा कोसळला तर गाभ्याची बातमी दोनच दूत आणतील, न्यूट्रिनो आणि गुरुत्वीय लहरी. असा स्फोट शतकात एक-दोनदा होत असावा. आपल्या आकाशगंगेतला, कोणत्याही प्रकारचा, डोळ्यांना दिसलेला शेवटचा तारास्फोट १६०४ मधला, म्हणजे थकबाकी बरीच साचली आहे. तो झाला तर सुपर-कामिओकांडेत काही सेकंदांत हजारो नोंदी होतील.

याचा उपयोग काय?

अणुभट्टीवर बाहेरून लक्ष ठेवता येतं. पृथ्वीच्या पोटातल्या किरणोत्सारी उष्णतेचा अंदाज येतो. २०१२ मध्ये फर्मीलॅबमध्ये २४० मीटर खडकातून 'न्यूट्रिनो' हा एक शब्द न्यूट्रिनोंनीच पाठवला, दर दहा सेकंदांना एक बिट या गतीने. पाणबुडीवरचं कुणी यावर खूष होणार नाही. प्रामाणिक उत्तर : रोजच्या वापराचा उपयोग सध्या फारसा नाही.

शाळेत न्यूट्रिनो दाखवता येईल का?

न्यूट्रिनो नाही, पण त्याचं भावंड दिसतं. विश्वकिरणांच्या धडकेतून वातावरणात तयार झालेला पायॉन नावाचा अल्पजीवी कण मोडतो तेव्हा म्यूऑन आणि म्यूऑन न्यूट्रिनो एकत्रच जन्मतात. म्यूऑनची रेघ पाहायला काचेची पेटी, वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला जाड नमदा, तळाला काळा पत्रा आणि पत्र्याखाली कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) एवढं पुरतं. खोली अंधारी करा, बाजूने टॉर्च मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. तळाशी धुक्याचा थर जमतो आणि त्यात केसासारख्या रेघा उमटून विरतात. आखूड, जाड रेघ दिसली तर ती बहुधा हवेतल्या रेडॉनची. लांब, सरळ आणि बारीक दिसली तर म्यूऑन. कोरड्या बर्फाला उघडा हात लावू नका, खिडकी उघडी ठेवा, आणि अल्कोहोलजवळ काडी ओढू नका.